परक्यांसाठी विणलेली खाट

मी खाट बोलतेय. लोखंडी पाइपची, नवार विणलेली, मधोमध घडी होणारी. नागपुरात धंतोलीच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माझा मुक्काम आहे. या घरातलं माणूस माझ्यावर क्वचितच झोपलं. मला बनवलंच होतं परक्यांसाठी.

मला बनवणारे प्रेमानंद रेल्वेत फिटर होते. त्यांची बायको शामला नर्स. तेव्हा इथं बिल्डिंग नव्हती, दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. आसपास दवाखानेच दवाखाने. गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, कुठून कुठून पेशंट यायचे. पेशंटला आत पलंग मिळायचा. सोबत आलेलं माणूस बाहेर फुटपाथवर चटई टाकून पडायचं.

एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी परक्याला घरात घेण्याविषयी उपदेश केला. तसा तो त्यांनी आधीही केला असेल. पण त्या दिवशी प्रेमानंद घरी आले आणि ताटावर बसून नुसतेच भाताकडे पाहत राहिले.

"शामला, आपण दर रविवारी आमेन म्हणून राहिलो," ते म्हणाले, "अन् घरी येताना त्या लोकायले ओलांडून येऊन राहिलो."

"मग काय करायचं म्हणता?"

"एक खाट करतो."

मित्राच्या वेल्डिंगच्या दुकानात त्यांनी माझे पाइप वाकवले. शामलाबाईंनी सीताबर्डीहून नवार आणली आणि दोघांनी मिळून ओढून ओढून विणली. विणताना दोघांचं भांडणही झालं. बाई म्हणत होत्या, ढिली ठेवा, पाठीला बरं वाटतं. ते म्हणत होते, घट्टच पाहिजे. शेवटी घट्टच झाली.

माझ्यावर पहिले झोपले ते कुही गावाकडचे बाबनराव. त्यांच्या बायकोचं, रुख्माबाईचं, पोटाचं ऑपरेशन होतं. प्रेमानंद त्यांना दवाखान्याच्या फाटकाजवळून घेऊन आले. बाबनराव जेवले, हात धुतले आणि माझ्या कडेला टेकून बसले. पाठ काही टेकवेनात.

"साहेब, एक विचारू काय? आमाले क्रिश्चन तं नाई करणार तुम्ही?"

प्रेमानंद मोठ्यानं हसले. "बाबनराव, ते माझ्या हाती असतं, तं आधी माझ्या पोराले केलं असतं! चर्चमंदी नुसता झोपते तो. तुम्ही लेटा गा निवांत."

"मग काहून करून राहिले हे सारं?"

प्रेमानंदांनी उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाले, "माझ्या देवानं मले असंच घरात घेतलं, काही न विचारता. म्हणून."

मग त्यांनी विचारलं, "रुख्माबाईसाठी प्रार्थना करू काय? नको म्हणाल तरी खाट तुमचीच."

बाबनरावांनी मान डोलावली. प्रेमानंदांनी माझ्या पाइपवर हात ठेवला आणि साध्या मराठीत, शेजाऱ्याशी बोलावं तसं, देवाशी बोलले. त्यानंतर बाबनरावांनी पाठ टेकवली. रुख्माबाई बऱ्या होऊन गावी गेल्या. पुढे बरीच वर्षं कुहीहून तांदूळ येत राहिला.

मग माणसं येतच राहिली. कोणी प्रार्थनेला हो म्हणायचं, कोणी नको म्हणायचं, कोणी आपल्या देवाचं नाव घेऊन झोपायचं. एकदा एक जण सकाळी घरातला कुकर घेऊन पसार झाला. शामलाबाई आठवडाभर धुसफुसत होत्या. "बंद करा हे! सगळ्या जगाचा ठेका आपणच घेतला आहे काय?" आणि आठवड्यानं त्यांनीच फाटकावरून एका म्हाताऱ्या बाईला हाताला धरून आणलं. चर्चमधली माणसंसुद्धा सांगायची, ज्याला त्याला घरात घेऊ नका, दिवस चांगले नाहीत. या दोघांनी कोणाशी वाद घातला नाही. माझ्यावरची चादर मात्र कधी मळकी राहू दिली नाही.

प्रेमानंद गेले. जुनं घर पाडून तिथं बिल्डिंग उभी राहिली आणि आम्हाला वर फ्लॅट मिळाला. पियूष, त्यांचा मुलगा, तोपर्यंत विमानतळाजवळच्या मिहानमध्ये एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर लागला होता. सरिता सून म्हणून आली. शामलाबाईंनी हॉलच्या कोपऱ्यात मला अंथरलं आणि पुन्हा माणसं येऊ लागली. आता लिफ्टनं.

पियूष वाईट नव्हता. आईवर त्याचा जीव होता. पण त्याला लाज वाटायची. ऑफिसातले मित्र घरी आले, की ते माझ्यावर बसलेल्या खेड्यातल्या माणसाकडे पाहून हळूच विचारायचे, "तुम्हाला फंड येतो का रे याचा? फुकट कोण करतं एवढं?" पियूष हसून विषय बदलायचा. नाताळला तो चर्चमध्ये जायचा, एरवी रविवारी उशिरा उठायचा. एकदा आईला म्हणाला, "आई, देव आहे की नाही ते मला नक्की माहीत नाही. पण सोसायटी आहे, हे नक्की आहे."

शामलाबाई हसल्या. त्यांना वाटलं, पोरगा गंमत करतो आहे.

मग सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, तिसऱ्या मजल्यावर रोज कोण अनोळखी लोक येतात? तिथं धर्मांतर चालतं का? त्याखाली अंगठेच अंगठे. मीटिंग बोलावली गेली. शामलाबाई चांगली साडी नेसून खाली गेल्या. त्यांना वाटलं, विचारतील तर सगळं सांगू, वाटल्यास घरी चहाला बोलावू.

तासाभरानं दोघं वर आली. शामलाबाई येऊन माझ्यावर बसल्या. पियूष पंख्याखाली उभा राहिला.

"मला बोलू दिलं नाहीस तू," त्या म्हणाल्या.

"आई, तू बोलली असतीस तर अजून वाढलं असतं. मी निस्तरलं ना सगळं?"

"काय म्हणालास तू त्यायले? आईचा जुना नाद आहे. आमच्या घरात कोणी एवढं मानत नाही. हेच ना?"

"मग काय म्हणू? हो, आम्ही मानतो, या, सगळे ऐका? कोणत्या जमान्यात राहतेस तू?"

शामलाबाई उठल्या. त्यांनी माझी चादर काढली, घडी केली. मग मला मिटलं आणि सरिताला हाक मारून दोघींनी मला गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या मागं उभं केलं. आता कोणी येणार नाही, असा मुलगा चार लोकांत शब्द देऊन आला होता. तो मोडायला त्यांचं मन धजेना. त्यांनी तो पाळला, आणि त्यानंतर घरात त्यांचा आवाज कमी झाला.

एका रविवारी त्या चर्चला गेल्या असताना बेल वाजली. पियूषनं दार उघडलं. गॅलरीचं दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं.

"शामलाबाईचं घर हेच काय जी? मी भारती. कुहीवाल्या बाबनरावची पोरगी. बाबाले ॲडमिट केलं हितं. ते म्हणे, त्या घरी जाय, कोणी काही विचारत नाई."

पियूष थोडा घुटमळला. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झाल्याचा आवाज आला.

"ते आता बंद झालं," तो म्हणाला. "पुढे चौकात लॉज आहेत. बघा तिथं."

"बाईले भेटू काय नुसतं?"

"घरी नाहीत त्या."

दार लागलं. मी घडी होऊन उभी होते. माझी नवार शाबूत होती, पाय मजबूत होते, आणि माझा काही उपयोग नव्हता.

पियूषनं ही गोष्ट चार दिवसांनी जेवताना सहज सांगितली. शामलाबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. "बाबनरावची पोरगी? अन् तू परत पाठवलंस?" त्या तशाच चप्पल घालून निघाल्या. धंतोलीतल्या एकेका दवाखान्याच्या काउंटरवर त्यांनी नाव विचारलं. सापडला तो दवाखाना, पण बाबनराव आदल्या दिवशीच वारले होते. घरचे त्यांना गावी घेऊन गेले होते.

पुढच्या शनिवारी पियूष आईला गाडीतून कुहीला घेऊन गेला. संध्याकाळी परत आला तो सरळ गॅलरीत आला. सरिता मागोमाग आली. तो तिला सांगत होता, आणि मी ऐकत होते.

भारतीनं त्यांना बसायला दिलं, चहा केला. शामलाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "माफ कर वं पोरी. माझ्या दारातून तू परत गेलीस."

भारती म्हणाली, "मले राग नाई, मावशी. दवाखान्याच्या पायऱ्यायवर झोपली मी, सारेच झोपते. पण बाबा रोज विचारे, भेटली काय शामलाबाई? जेवली काय तू? अन् मी सांगो, हो बाबा, जेवली. त्यायनं खाटबी दिली. तुझ्यासाठी प्रार्थनाबी केली. ते आयकून ते निवांत पडून राहत."

सांगता सांगता पियूष माझ्याकडे वळला. "सरिता, तिनं मरणाऱ्या बापाला खोटं सांगितलं. आमच्या घराचं नाव राखायला. आणि मी त्याच घरात राहून सांगत होतो, आम्ही एवढं मानत नाही."

त्यानं वॉशिंग मशीन सरकवून मला बाहेर काढलं. माझ्यावरची धूळ पुसली, आणि सरितानं धुतलेली चादर आणली. सोसायटीच्या ग्रुपवर त्यानं स्वतःच लिहिलं, आमच्या घरी पेशंटचे नातेवाईक मुक्कामाला येतील, त्यांची नावं वॉचमनकडे देत जाईन. दोघातिघांनी कुरकुर केली. मग तीही थांबली.

पण कोणी आलं नाही.

गावांमध्ये बोलणं पोहोचलं आहे, की ते घर आता बंद झालं. बातमी पसरायला वेळ लागत नाही, पुसायला लागतो. मग पियूष ऑफिसहून येताना दवाखान्याच्या फाटकावर थांबू लागला. "आमच्या घरी झोपायला जागा आहे, चला," असं तो म्हणतो. लोक त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघतात आणि पिशवी जवळ ओढून घेतात. "फुकट? काहून?" असं विचारतात. फसवणुकीच्या इतक्या गोष्टी रोज मोबाइलवर येतात, त्यांचा तरी काय दोष?

परवा एकानं सरळच विचारलं, "क्रिश्चन बनवता काय?"

पियूषनं घरी येऊन आईला सांगितलं. "मी म्हटलं, मी क्रिश्चन आहे. तुम्हाला बनवायला नाही आलो. जागा आहे, एवढंच. बाबा असते तर हसले असते आई, आणि तो माणूस आलाही असता. मला हसता नाही आलं."

"पण सांगितलंस ना?" शामलाबाईंनी विचारलं.

"हो. पहिल्यांदाच, असं कोणासमोर."

शामलाबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आता त्यांना फार चालवत नाही. रविवारी पियूषच त्यांना चर्चला नेतो आणि शेजारी बसतो, न झोपता. रोज संध्याकाळी त्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून विचारतात, "कोणी आलं काय रे?" तो म्हणतो, "नाही आई. उद्या पाहू." आणि माझ्यावरची न चुरगळलेली चादर पुन्हा एकदा सारखी करतो.

वाचणाऱ्यांनो, तुमचं कोणी आजारी पडू नये. पण पडलंच, आणि धंतोलीत यावं लागलं, तर दवाखान्याच्या फाटकाशी इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस अवघडून उभा दिसेल. त्याला बोलायला नीट जमत नाही. तो विचारेल, तेव्हा एकदा हो म्हणा. जेवण साधं असेल. प्रार्थना नको असेल तर नको म्हणा, कोणी रागावणार नाही. थकलेली पाठ तेवढी माझ्यावर टेकवा. त्या घरातल्या म्हातारीला एका संध्याकाळी तरी ऐकू द्या, की हो, आलं कोणीतरी.