साडेसदतीस

जयपूरजवळच्या कानोत्याच्या धरणावर सहलीला गेलेली माणसं परत येताना काय आणतात? रापलेले चेहरे, रिकामे डबे आणि बुटांत माती. प्रज्ञा ओढणीत गुंडाळून सात अंडी घेऊन आली, आणि तीही खायला नाही!

झालं असं की निलयच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, मित्राचं धरणाजवळ शेत आहे. प्रसन्न त्याचं नाव. त्याच्याकडे एक कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली होती. मंडळी जेवायला बसली आणि कुठल्याशा कुत्र्याने तिला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उचलून नेलं. टोपलीत अंडी राहिली, अजून कोमट.

"आता ही काही उबत नाहीत. दुसरी कुणी खुडूक नाही माझ्याकडे," प्रसन्न म्हणाला.

झालं! "आता काही होत नाही" असं कुणी म्हटलं की प्रज्ञाच्या अंगात येतं. "मी उबवते," ती म्हणाली आणि स्कूटरच्या मागे बसून, अंडी पोटाशी धरून, जगतपुऱ्यातल्या घरापर्यंत आली. निलयला वाटेत एकही खड्डा चुकवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

प्रज्ञा पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर तपासायची, आणि हौसेसाठी घरी तारा, दिवे, छोटे बोर्ड घेऊन बसायची. हौस दांडगी, तडीस गेलेलं काही नाही. झाडांना आपोआप पाणी घालणारं यंत्र केलं, तर खालच्यांच्या बाल्कनीतल्या गाद्या भिजल्या. दूध उतू जाण्याआधी वाजणारी घंटा केली, तर ती दूध सोडून बाकी सगळ्याला वाजायची. पण ती सगळी खेळणी होती. बिघडली की हसायचं आणि खणात टाकायची. या वेळी तसं नव्हतं. खोक्यात जीव होते, आणि त्यांना दुसरं कुणी नव्हतं. हे तिला त्या रात्री अंडी थर्मोकोलच्या खोक्यात ठेवताना एकदम जाणवलं.

खोक्यात एक बल्ब, एक इवलासा पंखा, पाण्याची वाटी. झाकणाला काचेची खिडकी आणि झाकणातूनच आत लोंबणारा सेन्सर. त्याचं ऐकून एक छोटा बोर्ड बल्ब चालवणार आणि आकडे तिच्या नि निलयच्या मोबाईलवर पाठवणार. गरम झालं की बल्ब बंद, गार झालं की सुरू. आता हे खोकं ठेवायचं कुठे? वीज गेली तरी चालू राहील असा मोकळा प्लग घरात एकच होता, देवघराच्या खाली.

निलयची आई, सुधाताई, हिवाळ्यात साताऱ्याहून मुक्कामाला आल्या होत्या, त्या अजून इथेच होत्या. गुरुवार-शनिवार कडक पाळायच्या, इतर दिवशी आम्लेटला ना नसायची.

"अगं बाई, देवाच्या पायाशी अंडी?" त्यांनी कपाळाला हात लावला. "उद्या म्हणशील, चूल पण इथंच मांडू!"

"आई, प्लग इथेच आहे हो. खायची नाहीत ती. पिल्लं होणारेत."

"होऊ देत की. मी त्या खोक्याला बोटसुद्धा लावणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"नकाच लावू," प्रज्ञा म्हणाली, आणि मनातून तिला बरंच वाटलं.

अंड्याला साडेसदतीस अंश लागतात. दीड-दोन अंश वर गेलं की आतला जीव उकडतो, फार वेळ गार राहिलं की थिजतो. शिवाय हवेत ओल हवी, कारण मार्चातली जयपूरची कोरडी हवा टरफलातून पाणी शोषून घेते. म्हणजे सगळी भिस्त सेन्सरवर. आणि प्रज्ञाने खणातून कोणता काढला? तो निळा, जाळीच्या डबीसारखा, शिकाऊ पोरं घेतात तो. स्वस्त आणि मस्त. पण दोन अंश इकडेतिकडे झालं तरी त्याला काही वाटत नाही. घरात उकडतंय का नाही, एवढं बघायला ठीक. अंड्यांसाठी? छे!

दुसऱ्याच दिवशी ती सोडाल्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेली. दुकानदाराने काचेवर एकेक मांडायला सुरुवात केली. पांढरा, निळ्याचाच थोरला भाऊ, जरा शहाणा. तारेच्या टोकाला लोखंडी टोपी घातलेला, पाण्यात बुडवला तरी चालणारा. पण त्याला फक्त गरमी कळते, ओल नाही. आणि नखाएवढी एक चिप, जिचा भाव ऐकून प्रज्ञाने एकदा डोळे मिटले.

"मॅडमजी, करना क्या है?" त्याने विचारलं.

"अंडे सेने हैं."

अंडी उबवायची म्हटल्यावर त्याने हात जोडले. "फिर तो आप ही जानो."

मेथीची जुडी निवडावी तशी ती उलटसुलट करून बघत राहिली आणि शेवटी तिन्ही घेऊन आली.

घरी तिन्ही एकाच खोक्यात सोडले तर तिघांची तीन तोंडं! लोखंडी टोपी म्हणते सदतीस, चिप म्हणते साडेसदतीस, पांढरा म्हणतो अडतीसच्या वर. ओलीच्या बाबतीत तर पांढऱ्याचं आणि चिपचं उभं भांडण.

"सरासरी काढ ना," निलय सोफ्यावरून म्हणाला.

"सरासरीने पिल्लू होत नाही, निलय."

तिने तापाचा थर्मामीटर आणला. मापायचं होतं ते नेमकं ताप असतो तिथलंच, आणि तिथे हा बिचारा कधी चुकत नाही. वाटीत कोमट पाणी घेतलं, चिप, पांढरा आणि जुना निळा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बुडवले, टोपी तशीच, शेजारी थर्मामीटर. मग सुधाताईंकडे लोणच्याची रिकामी बरणी मागितली.

"त्यात काय आता?"

"मीठ. जरासं ओलं करून ठेवायचं आणि बरणी घट्ट लावायची. रात्रभरात आतल्या हवेत बरोबर पंचाहत्तर टक्के ओल येते. मीठ जयपूरचं असो नाहीतर साताऱ्याचं, आकडा तोच."

"आणि जो पंचाहत्तर म्हणेल तो खरा?"

"तो खरा."

सुधाताईंनी बरणी स्वतः पुसून दिली. एवढंच नाही, सकाळी दात घासायच्या आधी त्या बरणीपाशी येऊन उभ्या होत्या. "काय म्हणतोय तुझा खरा?" चिप पंचाहत्तर म्हणत होती. थर्मामीटरशीही तिचंच जुळलं होतं. पांढरा अंशभर जास्त बोलत होता आणि निळ्याबद्दल तर न बोललेलंच बरं. चिप खोक्यात गेली, बाकीचे खणात.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण संध्याकाळी ऑफिसात प्रज्ञाने मोबाईलवर खोक्याचा आलेख उघडला आणि तिला घाम फुटला. सातच्या सुमाराला गरमी एकदम चाळिसाच्या वर, ओल धाडकन खाली. मग बल्ब बंद, आणि थोड्या वेळाने सगळं पुन्हा शहाण्यासारखं जागेवर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच!

चिप बदलून पांढरा लावला. तोही सात वाजता तसाच पिसाळला, म्हणून चिप परत लावली. तिने तारा बदलल्या. सोसायटीचे दिवे लागतात तेव्हा विजेला झटका बसत असेल म्हणून प्लगला संरक्षक लावला. पंखा पालथा केला. काही नाही. गुरुवारी तर गरमी नेहमीपेक्षा जास्त वेळ वर राहिली.

"एवढं कशाला डोकं फोडतेस?" निलय म्हणाला. "सात ते सव्वासातचं रीडिंग वगळून टाक. बोर्डाला सांग, त्या वेळात सेन्सरचं ऐकू नकोस. दोन ओळींचं काम."

पटण्यासारखं होतं. शुक्रवारी दुपारी ऑफिसात बसून तिने त्या दोन ओळी लिहूनही काढल्या. पण पाठवायला हात धजेना. सेन्सर खोटं बोलत असेल तर ठीक. खरं बोलत असेल तर? ज्याला थर्मामीटरने आणि मिठाने खरं ठरवलं, त्यालाच आपण गप्प बस म्हणायचं, कारण तो म्हणतोय ते आपल्याला समजत नाही? आणि तेवढ्या वेळात आत सात जीव खरंच भाजत असतील तर? तिने त्या ओळी पुसल्या, डोकं दुखतंय असं सांगितलं आणि सातच्या आत घरी पोचली. चपला हातात घेऊन, आवाज न करता, दार उघडलं.

देवघरासमोर सुधाताई बसल्या होत्या. खोक्याचं झाकण भिंतीला टेकवलेलं. डोक्यावर पदर, हातात तबक, तबकात तुपाचं निरांजन. त्या अंड्यांना ओवाळत होत्या. सावकाश, मनापासून, एकेकाला. झाकणाबरोबर बाहेर आलेला सेन्सर तबकाच्या बरोबर वर लोंबत होता आणि निरांजनाची ज्योत त्याला दर फेरीला शेकत होती.

"आई!"

सुधाताई एवढ्या दचकल्या की तबकातले तांदूळ अंड्यांवर सांडले.

"ते... मी म्हटलं..." त्या चाचरल्या. मग एकदम ठसक्यात म्हणाल्या, "मग काय करू? दिवेलागणीला देवापुढे दिवा लावते, आणि खाली ही सात जणं बिनआईची! लेकरू जन्माला येणार म्हटल्यावर कुणी ओवाळायला नको? आज शुक्रवार. काल गुरुवारची तर आरती पण म्हटली त्यांच्यापुढं."

"बोटसुद्धा लावणार नव्हतात ना तुम्ही?"

"बोट कुठं लावलं? झाकण उचललं फक्त."

प्रज्ञा तिथेच फरशीवर बसली आणि पोट धरून हसली. सेन्सर, प्लग, तारा, पंखा, सगळ्यांना आळीपाळीने चोर ठरवून झालं होतं, आणि चोर रोज तिच्या ताटात गरम भाकरी वाढत होता! पण हसता हसता तिचा आवाज फिरला. "आई, ज्योतीने सेन्सर तापला की तो बल्ब बंद करतो. झाकण उघडं, बल्ब बंद. रोज तेवढा वेळ ती गार पडत होती हो."

सुधाताईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तबक लांब सारलं. "म्हणजे मी... माझ्या हातानं?"

प्रज्ञाने खोलीतले दिवे मालवले आणि मोबाईलच्या टॉर्चवर पहिलं अंडं धरलं. तांबूस उजेड. आत एक काळा ठिपका, भोवती शिरांचं जाळं. तो ठिपका हलला. सुधाताईंनी प्रज्ञाचं मनगट घट्ट धरलं. दुसरं, तिसरं, चौथं. एक अंडं मात्र आरपार मोकळं निघालं. त्यात पहिल्यापासूनच काही नव्हतं. बाकीची सहाही जिवंत होती. सुधाताईंनी डोळ्यांना पदर लावला.

त्या दिवसापासून ओवाळणं चालू राहिलं, पण बाहेरून, हातभर अंतरावरून, काचेच्या खिडकीतून. आणि इतर दिवशीचं आम्लेटही सुधाताईंनी आपणहून बंद केलं. "बरं दिसत नाही," एवढंच म्हणाल्या.

शेवटचे दिवस आले तसं प्रज्ञाने खोक्यात आणखी एक पाण्याची वाटी ठेवली आणि सगळ्यांना बजावलं की आता काही झालं तरी झाकण उघडायचं नाही. ओल गेली तर आतलं पातळ कातडं वाळतं आणि पिल्लू त्यातच अडकतं. सुधाताईंनी खोक्यापुढे पाट मांडला आणि राखणीला बसल्या. निलयलासुद्धा वाकून बघू देईनात.

त्या दुपारी प्रज्ञा ऑफिसच्या बैठकीत होती. टेबलाखाली मोबाईल. गरमी जागेवर होती, पण ओलीचा आकडा पासष्टवर असायचा तो सत्तरवर गेला. मग पंचाहत्तर. मग ऐंशी.

निलयचा मेसेज आला, "ओल बघितलीस? सेन्सर गेला वाटतं. पाणी उडालं असेल."

प्रज्ञाने मेसेज बाजूला सारला. झाकण उघडलं तर ओल कमी होते, हे तिला आता पाठ झालं होतं. ही वाढत होती. पाण्याच्या वाट्या त्याच, पंखा तोच, म्हणजे खोक्यात काहीतरी नवं ओलं आलं होतं. ती भर बैठकीतून उठली आणि खिडकीपाशी जाऊन घरी फोन लावला.

"आई, झाकण उघडलंत?"

"नाही गं! तुझी शपथ. जरा डोळा लागला होता बसल्या बसल्या, पण हात नाही लावला."

"मग आत बघा. खिडकीतून बघा, आई!"

पलीकडे पाट सरकल्याचा आवाज आला. मग फोनमधून, इतक्या लांबून, एक बारीक, चिडकी चिवचिव ऐकू आली.

"अगं आला!" सुधाताई रडत होत्या आणि हसत होत्या. "आला गं बाई, आला! टरफल डोक्यावर घेऊनच आलाय! आणि शेजारचं पण टकटक करतंय!"

"आ गया!" प्रज्ञा ओरडली. बैठकीतले सगळे वळून बघायला लागले. कुणीतरी विचारलं, "कौन?" "मेरा बच्चा!" ती म्हणाली, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं ते तिने पुसलंही नाही.

"प्रज्ञा," सुधाताई फोनवर घाबऱ्या घाबऱ्या म्हणाल्या, "पण हा ओलाचिंब आहे गं. थरथरतोय नुसता. उचलून पदरात घेऊ का? गार पडेल ना?"

प्रज्ञाने मोबाईलवरचा आकडा पाहिला.

"नाही पडणार, आई. आत साडेसदतीस आहे."

"नक्की?"

"नक्की."

"मग नाही लावत हात," सुधाताई म्हणाल्या. "तू ये लवकर."