एका सकाळी सात वेळा आठ

"अगं, तुझं हे ॲप सकाळपासून सातव्यांदा मला गोळी घ्या म्हणतंय," वडील फोनवर सांगत होते. "आणि तेही तुझ्याच आवाजात."

ती मीटिंगमधून उठून जिन्यात आली होती.

"बाबा, तुम्ही घेतल्या किती?"

"म्हणजे काय? लेकीचा शब्द मोडतात का कधी?"

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. पर्स खुर्चीवर, चष्मा कपाळावर, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, अशी ती दोन गल्ल्या पळत गेली. रक्तदाबाच्या सात गोळ्या! दार ढकललं तर वडील निवांत खुर्चीत बसले होते. समोर गोळ्यांची पट्टी. त्यातली एकच जागा रिकामी.

"एकच घेतली," ते म्हणाले. "बत्तीस वर्षं कंपाउंडर होतो मी. तू फोन ठेवलास म्हणून पुढचं सांगता आलं नाही."

"मग लेकीचा शब्द?"

"मोडला. सहा वेळा."

तिने पट्टी हातात घेऊन गोळ्या पुन्हा मोजल्या. हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही थोडंथोडं केलं.

औषधांची आठवण करून देणारं ते ॲप तिचं होतं. म्हणजे कंपनीचं, पण त्यात पडद्याआड चालणारं काम तिचं. ॲप बंद असलं, फोन खिशात झोपला असला, तरी रोज आठ वाजता त्याने जागं होऊन माणसाला हाक मारायची. त्यासाठी फोनला एक काम नेमून द्यायचं, की रोज हेच कर. आवाजाला कलाकार महाग पडला, म्हणून साहेबांनी तिलाच माइकपुढे बसवलं होतं. सोमवारी ते शेकडो रुग्णांच्या फोनवर जाणार होतं. त्याआधी चाचणीसाठी काल तिने वडिलांच्या फोनवर टाकलं होतं.

तिने ऑफिसात फोन लावला. चाचण्या घेणाऱ्या सहकाऱ्याला सगळे शंकेखोर म्हणत. त्याने नोंदी तपासल्या.

"ताई, ॲप उघडलं की दर वेळी आपण नवं काम नेमतोय. जुनं आहे का, हे विचारतच नाही. सगळी आठचीच आहेत, पण फोन ती आपल्या सोयीने मागेपुढे उरकतोय. सात झाली, अजून बारा बाकी आहेत."

"म्हणजे बाबांनी एकोणीस वेळा उघडलं?"

"कालच्या एका दिवसात. मी चाचणीत एकदाच उघडून पाहिलं होतं. एवढ्या वेळा कोण उघडतं हो?"

तिने वळून पाहिलं. वडील खिडकीबाहेर फार लक्षपूर्वक काहीतरी बघत होते. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती.

संध्याकाळी ती दुरुस्त केलेलं ॲप घेऊन आली. आता त्या कामाला एकच नाव दिलं होतं. त्या नावाचं काम आधीच असेल तर फोन दुसरं घेणार नव्हता. साहेबांनी सगळ्यांसमोर वडिलांचे आभार मानले होते. ते कळल्यावर वडील म्हणाले, "पगार किती देणार, ते विचार."

"आता शंभरदा उघडलंत तरी चालेल," ती म्हणाली.

"नाही उघडत."

"बाबा, काल कशाला उघडत होतात?"

त्यांनी पट्टीच्या कडा बोटाने सरळ केल्या. "उघडलं की तू विचारतेस ना, 'नमस्कार, कसे आहात?' मी सांगायला लागतो. पण तुझं ते यंत्र उत्तराला थांबत नाही. लगेच म्हणतं, 'औषधाची यादी भरा.'"

ते वाक्य तिनेच लिहिलं होतं. साहेब म्हणाले होते, मध्ये मोकळी जागा नको, माणसं कंटाळतात.

तिने फोन बंद करून टेबलावर ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

"कसे आहात, बाबा?"

"बरा आहे," ते सवयीने म्हणाले. मग थांबले. ती उठत नाही असं पाहून त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, डॉक्टरांसमोर बसावं तसे ताठ बसले, आणि डाव्या गुडघ्यापासून सुरुवात केली.