पाटाच्या तोंडाची पट्टी

मी विंचूरच्या अलीकडच्या एका वावराची वरची पट्टी बोलतेय. पाटाचं पाणी सगळ्यात आधी माझ्यावर येतं. ऐकायला बरं वाटतं ना? ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यावरच माझा राग आहे.

मी काळी होते. वावर दोघा भावांचं. थोरला मोतीराम दारं धरायला, पिकाला पाणी द्यायला यायचा, म्हणजे पाट फोडायचा आणि बांधावर मोबाईल बघत बसायचा. पाणी सऱ्या खरवडत खाली धावायचं. कांदा, गहू, पुन्हा कांदा. वर्षानुवर्षं माझी माती खालच्या टोकाला जाऊन बसली आणि मी उघडी पडले. पांढरी, चुनखडीची, कडक.

मोतीरामचा धाकटा भाऊ वारला, तेव्हा वाटणी झाली. खालचा भाग मोतीरामनं घेतला आणि वरचा भावजयीला, योगिनीला दिला. "पाण्याचा पहिला मान तुझा," म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. मला त्याचं थोबाड चिखलात दाबावंसं वाटलं. पण माझ्याकडे चिखलही उरला नव्हता.

योगिनीनं सोयाबीन पेरलं. मी वरून कडक पापडी धरली, अर्धं बी आतच कुजवलं. जे वर आलं ते पिवळं. मोतीराम बांधावरून म्हणाला, "बी कमी टाकलंस. दुप्पट टाक."

पुढच्या खरिपात तिनं दुप्पट टाकलं, वरून युरिया फेकला. दाट रोपं उंच, बारीक झाली आणि वाऱ्यानं लोळली. शेंगा नावालाच. मला तिचीही दया आली नाही. जेवायला काही नसलेल्या घरात दुप्पट पाहुणे बोलावणारीला मी काय म्हणू?

पिकाची सोंगणी झाल्यावर ती कुदळ घेऊन आली. माझ्यात वीतभर खणलं तरी पांढरंच लागलं. मग खाली मोतीरामच्या टोकाला जाऊन खणलं. तिथं खड्डा गुडघ्याएवढा झाला तरी काळीच माती. त्यातली मूठभर तिनं वर आणली आणि माझ्या पांढऱ्या खड्ड्याशेजारी ठेवली.

उन्हाळ्यात ती ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन खाली उतरली. मोतीराम आडवा आला.

"हद्द माझी हाय."

"हद्द तुमचीच, दादा. माती माझी हाय."

"माती काय नाव सांगती व्हय?"

"नाय सांगत. पण पाणी माझ्या वावरातून खाली येतं. आता मी ते सरीला बोटभरच सोडीन. तुमच्या कांद्याला पोचंल तेव्हा पोचंल."

"भावाच्या माघारी हे बोलतीस?"

"ते होते तेव्हा पाट तुम्हीच फोडत होता."

तो बाजूला झाला. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत.

माझ्यावर काळी माती पसरली, शेणखत पडलं. पेरताना तिनं बी नेहमीएवढंच घेतलं. सुपर फॉस्फेट आणि झिंक ही खतं बियाच्या खाली, पेरणीच्या ओळीतच दिली. युरियाची गोणी घरीच राहिली. युरियात असतं ते नत्र सोयाबीन आपल्या मुळांच्या गाठींतूनच मिळवतं.

यंदा मी हिरवी आहे. खालच्या पिकापेक्षा बुटकी, पण हिरवी. मोतीराम बघतो आणि थुंकतो.

माझ्याकडून आभाराची अपेक्षा ठेवू नका. गेलेली सगळी माती परत आलेली नाही. बरीच वावराखालच्या ओढ्यानं पुढे नेली, ती कुठल्या ट्रॉलीत भरणार? पाणी द्यायचं तर सरीपाशी उभं राहून द्या. पाट फोडून बसणार असाल, तर बी घरीच ठेवा. मी ते उगवू देणार नाही.