दुसऱ्या तुकडीची साक्ष

शिवणक्लास चालवणाऱ्या मास्तरीणबाईंना खालच्या कोर्टानं दोन गुन्ह्यांत दोषी ठरवलं: परवाना नसताना बायकांना परदेशी नोकरीला पाठवलं, आणि त्यांना फसवलं. दोन तुकड्यांत मिळून एकवीस जणी त्यांनी दूरच्या कपड्यांच्या कारखान्यात धाडल्या होत्या. ज्या दलालासाठी हे केलं, तो पहिल्या समन्सलाच पसार झाला. हाती लागल्या त्या बाई.

दुसऱ्या तुकडीत त्यांची सख्खी भावजय होती. खटला चालला तेव्हा ती तिकडंच अडकलेली. सुटून आली ती उजव्या हाताची दोन बोटं मशीनला देऊन. अपिलात तिची साक्ष घ्यायला वरच्या कोर्टानं परवानगी दिली होती.

"परवान्याचा गुन्हा सुटणार नाही," बाईंचा वकील म्हणाला. "तिथं हेतू बघतच नाहीत. पण फसवणुकीला हेतू लागतो. जी बाई स्वतःच्या भावाची बायको पाठवते, तिच्या मनात पाप असेल का?"

भावजयीचा नवरा खुर्चीत पुढं सरकला. आई गेल्यावर याच बहिणीनं त्याला लहानाचा मोठा केला होता. "ही देईल साक्ष," तो म्हणाला.

"आधी मी ताईंना भेटते," भावजय म्हणाली.

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत जाळीच्या दोन्ही बाजूंनी बायका एकदमच बोलत होत्या. मास्तरीणबाई निम्म्या झाल्या होत्या, पण नजर तीच. "बाही चुकलीय तुझी," त्या आल्या आल्या म्हणाल्या.

"ताई, एकच विचारते. मला पाठवलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी जाळीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "पहिल्या तुकडीतल्या एकीचा फोन आला होता. रडत होती. म्हणाली, बाहेरून कुलूप लावतात, पासपोर्ट काढून घेतलेत."

"कधी?"

"तू जायच्या आठ दिवस आधी. मला वाटलं, नवी आहे, घरची आठवण येत असेल. म्हणजे, तसं वाटून घेतलं. सगळ्यांच्या बॅगा भरून झाल्या होत्या. कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

"मला तरी सांगायचं. मी घरातली होते."

"तू मागं राहिली असतीस, तर बाकीच्यांनी विचारलं नसतं का, घरातलीच का जात नाही म्हणून?"

वेळ संपल्याची शिट्टी झाली. "साक्ष देशील ना गं?" जाळीपलीकडून बाई विचारत होत्या.

बाहेर नवरा उभा होता. "मला विचारलं तर मी खरं सांगणार," ती म्हणाली. खरं म्हणजे काय, हे त्यानं विचारलं नाही.

साक्षीच्या दिवशी मागच्या बाकांवर पहिल्या तुकडीतल्या मुलींचे आईबाप बसले होते. तिनं शपथ घेतली. आपण बाईंची सख्खी भावजय, आणि त्यांनीच आपल्याला पाठवलं, एवढं बाईंच्या वकिलानं तिच्याकडून वदवून घेतलं. सरकारी वकिलानं तारखा विचारल्या, फॉर्म कुणी भरला ते विचारलं, विमानतळावर कोण आलं होतं ते विचारलं. पुढचा प्रश्न 'बाईंना माहीत होतं का' हाच असणार म्हणून ती कठडा घट्ट धरून उभी होती. त्यानं कागद उलटला, घड्याळ पाहिलं. "आणखी काही विचारायचं नाही."

"उतरा, बाई," शिपाई म्हणाला.

"साहेब..." तिच्या तोंडून निघालं. न्यायाधीशांनी मान वर केली. नवरा तिच्याकडेच बघत होता, तळहात मांड्यांवर दाबून.

"काही नाही," ती म्हणाली, आणि उतरली.

दीड महिन्यानं निकाल लागला. फसवणुकीचा गुन्हा रद्द झाला, विनापरवाना भरतीचा कायम राहिला, बारा वर्षांची शिक्षा सातवर आली. नवऱ्यानं घरी येऊन निकालाची प्रत मोठ्यानं वाचली. घरातलीच व्यक्ती पाठवणाऱ्या आरोपीला धोक्याची कल्पना असणं संभवत नाही, असं त्यात होतं. "बघ, कोर्टानं लिहून दिलंय," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"बसा जरा," ती म्हणाली, आणि भेटीच्या खोलीत झालेलं बोलणं तिनं शब्द न् शब्द त्याला सांगितलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग प्रतीची घडी घातली, ती कपाटात कपड्यांखाली ठेवली आणि पाठमोराच म्हणाला, "हे आता कुणापाशी बोलू नकोस."