सळईला आता ऐकू येत नाही

मित्रांनो, मी एक जुनी सळई आहे आणि मला उत्तम ऐकू येते.

हे आधीच सांगून टाकले, कारण कंपनीच्या कागदात माझ्याविषयी नेमके याच्या उलट लिहिले आहे. तिथे माझ्यापुढे 'निकामी' असा शेरा आहे. माझ्या अंगावर मधोमध लाल रंगाची फुलीही आहे. ती कशी आली, ते सांगते. सळईला दोन टोके असतात. माझी गोष्टही तशीच आहे. कधी वरच्या टोकाने सांगावी लागेल, कधी खालच्या.

वरचे टोक

माझा जन्म अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. वाल्मीक नावाच्या टर्नरने शाफ्ट कापून उरलेला पाच फुटांचा तुकडा लेथवर चढवला. खालचे टोक निमुळते केले आणि वरच्या टोकाला शिसवाची छोटी वाटी बसवली. ते शिसव एका मोडक्या खाटेच्या पायाचे होते. गिऱ्हाईक समोरच उभे होते. खंडेराव, हरसूलकडचा, नुकताच पाण्याच्या लाईनवर कामाला लागलेला.

"वाटी कानाला टोचायला नको," खंडेराव म्हणाला.

"मग कान आण इकडं, माप घेतो," वाल्मीक म्हणाला, आणि खरोखरच त्याने एका पुठ्ठ्यावर त्याच्या कानाभोवती पेन्सिल फिरवली.

म्हणून मी खंडेरावच्या कानाच्या मापाची आहे. दुसऱ्या कुणाच्या कानाला मी नीट बसत नाही. फक्त एका कानाला बसते, पण ते पुढे.

खालचे टोक

जमिनीखाली फार बोलणे चालते. धडधाकट नळातून पाणी जाते तेव्हा ते घुमते, रिकाम्या घागरीत तोंड घालून कुणी गुणगुणावे तसे. गटार अडखळत चालते. विजेची केबल एका सुरात कुरकुरते. आणि जिथे नळ फुटलेला असतो, तिथे बारीक सी... असा आवाज येतो, सुईतून दोरा ओढल्यासारखा. तो एकदा ऐकला की विसरता येत नाही.

माझे काम एवढेच. खाली जे आहे ते वर न्यायचे. वाटेत आपले काही घालायचे नाही.

वरचे टोक

एकोणीस वर्षे आम्ही ते काम केले. सकाळी ज्या गल्लीला पाणी येई, त्या गल्लीत खंडेराव मला घेऊन जाई. मला रस्त्यावर उभे करी आणि वाटीला कान लावी. मग सगळी गल्ली गप्प होई. मिक्सर बंद, गाड्या बंद. आया पोरांना दटावत, "ए, खंडूभाऊ ऐकतायत!" तो दोन पावले सरके, पुन्हा लावी, पुन्हा सरके. गळती सापडली की त्याचा डावा डोळा आपोआप मिटे. त्याला स्वतःला हे ठाऊक नव्हते. मला होते, कारण डोळा मिटला की त्याचा गाल वाटीवर किंचित दाबला जाई. मग तो खिशातून गेरूचा खडा काढून रस्त्यावर गोल काढी. त्या गोलात खणले आणि पाणी लागले नाही, असे एकदाही झाले नाही.

मखमलाबाद नाक्याजवळच्या एका गल्लीत लंकाबाई राहतात. त्यांचे यजमान मळ्यातून झेंडू, शेवंती आणून टाकतात आणि लंकाबाई ओट्यावर बसून हार ओवतात. आम्ही दिसलो की त्या हमखास नवऱ्याकडे बोट करायच्या.

"खंडूभाऊ, जरा आमच्या ह्यांच्या डोक्याला लावून बघा ती सळई. आत काही वाहतंय का!"

"कोरडी लाईन हाय, वहिनी," खंडेराव गंभीर चेहऱ्याने सांगे. "वरूनच बंद केलेली दिसते."

दर खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, लंकाबाई माझ्यासाठी एक हार पाठवत. झेंडूचा, मधोमध एक पांढरी शेवंती. खंडेराव पान्याला, करवतीला हळदकुंकू लावी आणि हार मात्र मला घाली. मला वाटे, हे असेच चालेल.

वरचे टोक, पुढे

दोन वर्षांपूर्वी कंपनी आली. पाण्याच्या लाईनी, रस्त्यावरचे दिवे, बस चार्ज करायची केंद्रे, सगळे एकच कंपनी सांभाळू लागली. तिने व्हॉल्व्हच्या खड्ड्यांमध्ये ऐकणारे डबे बसवले. मुठीएवढे डबे, लोहचुंबकाने नळाला चिकटणारे. त्यांनी ऐकलेले स्क्रीनवर रंगात दिसे. गळती असली तर लाल, नसली तर हिरवे. पहिले वर्षभर मात्र डब्याने तपासलेले जुन्या माणसानेही सळईने तपासावे, अशी अट होती.

मला डब्यांचा राग नव्हता. आजही नाही. तेही बिचारे खालचे वरच नेतात.

ते डबे बसवणाऱ्यांत एक मुलगी होती. हर्षाली, खंडेरावची लेक. डिप्लोमा करून कंपनीत सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली. तिचा पहिला झोन नेमका आमचा आला. निळे जॅकेट घालून ती पहिल्या दिवशी घरातून निघाली, तेव्हा खंडेराव दारात मला फडक्याने पुसत बसला होता. पुसून झाले तरी पुसतच होता.

वरचे टोक, श्रावणातली सकाळ

लंकाबाईंच्या स्वयंपाकघरात महिनाभर ओल येत होती. गॅसच्या ओट्याखालची फरशी सतत घामेजलेली. त्यांनी तांदळाच्या दोन गोण्या तिथून उचलून पुढच्या खोलीत नेल्या होत्या. कंपनीचे मयूर सर पाहणीला आले, बरोबर हर्षाली आणि आम्ही दोघे. साडेसहा वाजले होते. त्या गल्लीला पाणी सहा ते साडेसात.

"मावशी, पावसाळा आहे. सगळ्यांच्याच घरात ओल असते," मयूर सर म्हणाले.

"पाऊस वरून येतो साहेब. ही खालून येते."

हर्षालीने स्क्रीन पुढे केला. "सर, सोळा दिवस झाले. सगळं हिरवं आहे."

"झालं तर मग. खंडेराव, तुम्ही एकदा कान लावा, सही करा, झोन संपला. हर्षालीचं कायम झाल्याचं पत्र आजच पाठवतो."

खंडेरावने मला ओट्याखालच्या फरशीवर टेकवले आणि वाटीला कान लावला.

खालचे टोक

सी... सी... सी...

मित्रांनो, इतकी स्पष्ट गळती मी एकोणीस वर्षांत दहा वेळाही ऐकली नसेल. नळाचा सांधा उघडा पडला होता. पाणी माती धुऊन नेत होते आणि फरशीखाली पोकळी झाली होती. मी टोकापासून वाटीपर्यंत थरथरत होते. होते नव्हते ते सगळे मी वर नेले.

वरचे टोक

त्याचा डावा डोळा मिटला. गाल वाटीवर दाबला गेला.

मग त्याने उजव्या डोळ्याने समोर पाहिले. समोर हर्षाली उभी होती, छातीशी स्क्रीन धरून. गेरूच्या खिशाकडे गेलेला त्याचा हात तसाच परत आला.

"काय म्हणते?" मयूर सरांनी विचारले.

"काय नाय."

"नक्की ना, खंडूभाऊ?" लंकाबाईंनी विचारले.

"सांगितलं ना वहिनी, काय नाय. पावसाचीच ओल आसंल." मग तो मयूर सरांकडे वळला. "आन् खरं सांगू का सर, सळई जुनी झाली. हिला आता ऐकू येत नाय. तुमचे डबेच बरे."

पहिले वाक्य त्याने लेकीसाठी उच्चारले असेल. तेवढे मी समजून घेतलेही असते. दुसरे त्याला कुणी विचारले नव्हते.

लंकाबाईंनी मात्र पहिलेच ऐकले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "चला, खंडूभाऊंनी कान लावला म्हणजे काळजी मिटली," असे म्हणत त्यांनी नवऱ्याला हाक मारली. घोटीहून आणलेल्या तांदळाच्या गोण्या दोघांनी ओढत आणून पुन्हा त्याच फरशीवर ठेवल्या. मी खंडेरावच्या हातात होते. त्याने थांबवले नाही.

खालचे टोक

अकराव्या दिवशी सकाळी, पाणी आल्यानंतर पाऊण तासाने, ती फरशी खचली. लंकाबाई चहा ठेवत होत्या. त्या कमरेपर्यंत खाली गेल्या, आणि वरून अंगावर तांदळाच्या गोण्या. डावा पाय दोन ठिकाणी मोडला.

वरचे टोक

खड्डा खणला तेव्हा उघडा सांधा सगळ्यांना दिसला. मयूर सर म्हणाले, "आपल्या दोन्ही तपासण्या झाल्या होत्या." सगळे खंडेरावकडे बघू लागले. आता तरी तो सांगेल, असे मला वाटले. मी त्याच्याच हातात होते.

"मी त्या दिवशीच म्हणालो होतो सर," तो म्हणाला. "सळई गेली कामातून."

कुणीतरी रंगाचा डबा आणला आणि माझ्यावर फुली मारली. त्या एका वाक्यावर शहरातल्या माझ्यासारख्या आणखी अकरा जणी भंगारात गेल्या. त्यांच्यातली एकही बहिरी नव्हती. मला मात्र खंडेरावने घरी नेले. का, ते त्याने सांगितले नाही. अंगणात नळाशेजारी मला उलटी न करता, वाटी वर ठेवून रोवले आणि माझ्यावर कारल्याचा वेल चढवला.

मधले

हा भाग कुठल्याच टोकाचा नाही. वेलीत उभी राहून मी तो ऐकला.

एका सकाळी हर्षाली अंगणात आली. नळाला पाणी आले होते. तिने वेल बाजूला केला आणि वाटीला कान लावला. मित्रांनो, तो कान मला बरोबर बसला. लेकीचे कान बापावर गेले आहेत.

तिने दोनदा कान काढून पुन्हा लावला. मग म्हणाली, "पप्पा, हिला ऐकू येतं."

खंडेराव सुतळी बांधत होता. तो बांधतच राहिला.

"डबे का हिरवे होते माहितीये? ते रात्री दोन ते चार ऐकतात. जिथं चोवीस तास पाणी असतं, तिथं तेच बरोबर. लंकामावशींच्या गल्लीत रात्री नळ कोरडे. पाणीच नाही तर गळती बोलणार कशी? वेळ बदलायची राहिली. माझी चूक."

"तुझी कसली चूक? नवीन हायेस तू."

"माझीच. पण तुम्ही त्या दिवशी 'आहे' म्हणाला असता ना पप्पा, तर मी तिथल्या तिथं वेळ बदलली असती. पाच मिनिटांचं काम होतं."

"आन् नोकरी?"

"माझी चूक मी सरांना लिहून दिली. कालपासून मला स्टोअरला बसवलंय." ती वळली. "तुमची तुम्ही सांगा."

"बघू," खंडेराव म्हणाला, आणि सुतळीचा आणखी एक वेढा माझ्याभोवती दिला.

वरचे टोक

खंडेनवमी आली. खंडेरावने पाना धुतला, करवत धुतली. मलाही उपटून धुतले. फुली काही गेली नाही.

दुपारी हर्षाली लंकाबाईंना बघून परत आली. हातात पानात गुंडाळलेला हार होता. झेंडूचा, मधोमध पांढरी शेवंती.

"लंकामावशींनी दिलाय. सळईसाठी. म्हणाल्या, तिला सांगा, म्हातारपणी कान जायचेच. माझा तिच्यावर राग नाही."

खंडेरावने हार उचलला, माझ्या गळ्यापर्यंत आणला आणि त्याचा हात तिथेच थांबला.

चूक नसताना शिक्षा झाली तेव्हा मला वाईट वाटले होते. चूक नसताना माफी मिळाली तेव्हा काय वाटले, ते सांगायला माझ्याकडे आवाज नाही. माझ्याकडे फक्त खालचा आवाज असतो.

खंडेरावने हार पुन्हा पानात गुंडाळला. मला खांद्यावर घेतले आणि चपला घातल्या.

लंकाबाई ओट्यावरच होत्या. प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर, मांडीवर झेंडूचा ढीग.

"या खंडूभाऊ. आज हत्यारं सोडून इकडं कुठं?"

तो बसला नाही. "वहिनी, हिला ऐकू आलं होतं."

त्यांची सुई थांबली. "आणि तुम्हाला?"

"मलाबी."

गल्लीत कुणाचा तरी मिक्सर चालू होता. तो बंद झाला. मग लंकाबाई हळूच म्हणाल्या, "मी सळईच्या भरवशावर त्या फरशीवर उभी नव्हते हो. तुमच्या भरवशावर उभी होते."

लंकाबाईंनी त्याच्या हातातल्या हाराकडे बोट केले.

"हार घाला तिला."

त्याने घातला.

"आता तिला ठेवा इथं कोपऱ्यात. आणि तुम्ही जावा."

खालचे टोक

तेव्हापासून मी लंकाबाईंच्या घरी आहे. खंडेराव या गल्लीत पुन्हा आलेला नाही. कागदातला शेरा तसाच आहे. त्या अकरा जणीही परत आलेल्या नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल लावा, त्यांचा गंज पुसा, असे मी तुम्हाला सांगायला हवे. लावाच तेल. पण एकोणीस वर्षांत गंजाने माझे काही बिघडवले नाही. जो मला रोज पुसत होता, त्याच्या एका वाक्याने बिघडवले. तुमच्या हाती कधी ऐकणारे काही आले, सळई असो, डबा असो की एखादे म्हातारे माणूस असो, तर त्याने खालून आणलेले जसेच्या तसे पुढे पोचवा. ते कुणाच्या अंगावर येईल याचा हिशेब करत थांबू नका. पोचवले नाही, तर ते येतेच, आणि ज्याने तुमच्यावर भरवसा ठेवला त्याच्या अंगावर येते.

रोज सकाळी सहाला, स्टोअरला जाता जाता, हर्षाली इथे येते. मला नव्या फरशीवर टेकवते आणि कान लावते. नवा नळ छान घुमतो. ती ऐकत असते तेव्हा मी खाली लक्ष देते आणि वर तिच्या डोळ्यांकडे बघते.

अजून तरी दोन्ही उघडे आहेत.