पिवळी पट्टी

चंद्रपुरातल्या एका खासगी नर्सिंग शाळेची वेबसाइट बनवताना सुनीलने एक भलं काम केलं होतं. रानातून येणाऱ्या पोरांना कुठे क्लिक करायचं ते उमगत नाही, म्हणून त्याने बटणच ठेवलं नाही. अर्जाचा नंबर टाकला की आतला प्रोग्रॅम आपणहून चालायचा आणि निवड झालेल्याचं पत्र डाउनलोड व्हायचं. निवड नसली तर काहीच यायचं नाही.

पण ब्राउझर पडला संशयी. न मागता फाइल आली की तो ती अडवायचा आणि वर एक पिवळी पट्टी दाखवायचा. पट्टीवर क्लिक केलं की पत्र उतरायचं. हे शाळेला सांगायचं सुनीलकडून राहून गेलं.

शनिवारी दुपारी सूरजागडकडचा कोलू आपल्या मुलीला, मंगलीला घेऊन सुनीलच्याच सायबर कॅफेत आला. निवड झालेल्या बाकी सगळ्यांनी पत्रं नेली होती. पाचपर्यंत हिचं पत्र शाळेत पोचलं नाही, तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिलीला जाणार होती. ती पहिली म्हणजे सुनीलची सख्खी बहीण रीना. यादी त्यानेच चढवली होती.

त्याने नंबर टाकला. पट्टी आली.

"भाऊ, वर हे पिवळं काय आलं?" मंगलीने विचारलं.

सुनीलला लाज वाटली, नाही असं नाही. पण बहिणीपुढे लाज किती टिकणार?

"ते कंपूटरचं रोजचंच आहे," म्हणत त्याने पट्टी मिटवली. "पत्र नाई आलं. निवड नाई झाली तुही."

"अजून एक डाव पाहा नं."

त्याने पुन्हा नंबर टाकला, पुन्हा पट्टी आली, पुन्हा त्याने ती मिटवली. पोरीच्या डोळ्यांदेखत.

"बाबा, दुसऱ्या दुकानात पाहाचं का?"

"काऊन?" कोलू म्हणाला. "ज्यानं बनवलं त्यालेच नाई दिसलं, तं दुसऱ्याले का दिसन?"

जाताना त्याने पिशवीतून चारोळीची पुडी काढून टेबलावर ठेवली. काम झालं नाही म्हणून आणलेली वस्तू परत न्यायची त्याच्या घरची रीत नव्हती.

"पुढच्या सालीबी तुमच्याच इथी आणतो पोरीले," तो म्हणाला.

"आणा," सुनील म्हणाला.

सोमवारी रीनाचं पत्र उतरलं. आईने खीर केली, वर चारोळी घातली.

"मस्त आहे चारोळी. कुठून आणली दादा?" रीनाने विचारलं.

"बाजारातून," सुनील म्हणाला, आणि त्याने वाटी पुढे केली.