रविवारचं गवत

"पाद्रीबाबा, काय ते एकदा सांगून टाका! काटा काय म्हणतोय?" मातुराँ शेतकरी दारातूनच ओरडला.

त्याच्या मागे अर्धं गाव उभं होतं. फ्रान्समधल्या लुआर नदीकाठच्या कुरणांत कापलेलं गवत पसरलं होतं आणि नेमका रविवार. रविवारी काम करणं पाप. पावसाची भीती असेल तरच पाद्री मोकळीक देऊ शकत.

पाद्री गातियाँ पुन्हा खिडकीशी जाऊन आले. आकाश निरभ्र, पण त्यांच्या यंत्राचा काटा पार खाली, पावसाच्या खुणेवर उतरला होता. आतड्याची तांत हवेतला ओलावा प्यायली की तिचा पीळ सुटतो आणि काटा फिरतो. या तांतेपायी त्यांनी अर्धं आयुष्य वेचलं होतं. आज प्रार्थनेला बिशपचे कारभारी यायचे होते. यंत्र त्यांना पटलं, तर ते पॅरिसच्या विद्वानांसमोर जाणार होतं.

"एका जागी टेका की जरा," घर सांभाळणारी उर्सुल म्हणाली. "फरशी झिजवाल."

"जा!" गातियाँ लोकांना म्हणाले. "पाऊस येतोय. गवत गोळा करा."

गाव कुरणाकडे धावलं.

कारभारी आले तेव्हा चर्चमध्ये दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रं होतं. प्रार्थना संपली तरी ऊन तसंच कडक.

"पाऊस कुठाय?" गाव कुरणात का गेलंय ते ऐकून कारभाऱ्यांनी विचारलं. "दाखवा बघू तुमचं ते यंत्र."

बैठकीचं छप्पर दुरुस्तीला काढल्यामुळे यंत्र आदल्या संध्याकाळीच स्वयंपाकघरात हलवलं होतं; सकाळच्या घाईत गातियाँनी दारातूनच काटा पाहिला होता. तिथे पाऊल टाकताच गातियाँ थबकले. पाहुण्यांसाठी पहाटेपासून उकळणाऱ्या सारातून वाफेचे लोट उठत होते, थेट तांतेवर. उर्सुलनेही वर पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"पाऊस नव्हता, ही वाफ होती," गातियाँ हळूच म्हणाले. "तांतेनं खरं तेच सांगितलं. चुलीपाशी टांगलं मी. चूक माझी."

"पण बाबा, सार तर मीच चढवलं..."

"तू गप्प बस, उर्सुल."

कारभारी हसले. "सार आणि पाऊस यांतला फरक ज्याला कळत नाही, ते घेऊन मी पॅरिसला जाऊ? लोक मला हसतील. आणि गातियाँ, रविवारची मोकळीक यापुढे माझ्याकडून घ्यायची. तुमच्या खेळण्याकडून नाही."

जेवायलाही न थांबता ते गाडीत बसले.

गातियाँ घरात बसू शकले नाहीत. तरातरा कुरणात गेले.

"या, या!" मातुराँ हसत ओरडला. "भिजलो बघा बाबा, पार घामानं!"

सगळे खिदळले. गातियाँही ओशाळं हसले. त्यांनी काळ्या झग्याच्या बाह्या वर सारल्या, बांधावरचं एक लाकडी दाताळं उचललं आणि ढिगावर गवत चढवू लागले. रस्त्यावरून कारभाऱ्यांची गाडी गेली. तिची धूळ गवतावर, माणसांवर हलकेच उतरली. सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. गातियाँनी पुढची पेंढी उचलली.